कूलर बंद करून घेतलेला कंप्युटर

मालकांनी सकाळी कारखान्यात आल्या आल्या सांगितलं, "कंप्युटर वापरणार तू, तर निवड पण तूच. जुना चालेल, पण चालणारा आण." आणि फोन कानाला लावून ते आत गेले. अशा वेळी माणसाला आनंद होतो म्हणतात. मला मात्र चुकीचा निवडला तर काय, एवढंच सुचलं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना. आठवीतून शाळा सुटली आणि माळशिरसकडचं घर सोडून मी इथं बहिणीकडं आले. कारखान्यात टॉवेलांच्या कडा शिवायला बसले. तिथं डिझाइन करणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. तेलुगू घरातल्या, चार पिढ्या विणकामात, मागावर गेलेल्या. एकदा मी त्यांना विचारलं, "अक्का, कडेची कोयरी दर वेळी अर्धीच का तुटते? शिवताना वाईट वाटतं." अक्का चष्म्यावरून माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आजवर एकानं विचारलं नव्हतं गं. ये, बस इथं." त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, स्क्रीनसमोर फार बसवत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. डबाही अर्धा माझ्यापुढं सरकवायच्या. ते उपकार मी कुठं फेडणार आहे?

अक्का घरी बसल्यावर त्यांची खुर्ची मला मिळाली. मिळाली म्हणजे, जमतंय का बघू म्हणून मिळाली. माझी शिलाई मशीन मालकांनी कुणाला दिली नव्हती. कव्हर घालून ती कोपऱ्यात तशीच होती. येता-जाता मला दिसायची.

त्यातच टेंभुर्णीकडच्या एका हॉटेलवाल्याचं काम आलं. भिंतीवर लावायला मोठी चादर हवी, तिच्यावर उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी. पक्षी एक नाही, थवाच्या थवा. विणायच्या डिझाइनमध्ये एकेक धागा म्हणजे स्क्रीनवरचा एकेक ठिपका. आमच्या जुन्या कंप्युटरवर ते चित्र मोठं केलं की पक्षी गायब आणि मधोमध नुसतं चक्र फिरत बसायचं. काम इथं जमलं नाही तर मालक ते शहरातल्या डिझाइनवाल्यांना देणार होते, आणि मग पुढची कामंही तिकडंच. माझ्यासाठी कोपऱ्यातली मशीन होतीच.

अक्कांकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आतून गुलाबी सुताच्या तीन लड्या आणल्या. फिका, मधला, गडद. "रॅम नंतर वाढवता येते. आधी पंखा बघ आणि स्क्रीन बघ. हे सूत स्क्रीनला लावून बघ. जी स्क्रीन सुतापेक्षा सुंदर दाखवते, ती घेऊ नको."

"सुंदर दाखवते ती का नको?"

"गिऱ्हाइकाला स्क्रीन विकणार आहेस का चादर?"

संध्याकाळी गावाकडून आबांचा, माझ्या वडिलांचा फोन आला. ते मेंढरांबरोबर रानात होते, मागून घंटा वाजत होत्या. म्हटलं, "आबा, जुना कंप्युटर घ्यायचाय. मलाच निवडायचाय."

"कितव्या येताचा हाय?" मेंढी किती वेळा व्याली विचारावं तसं आबांनी विचारलं.

"आबा!"

"बरं बरं. पर एक ध्येनात ठिव. बाजारात धुऊन पुसून आणल्यालं जनावर घिऊ नगं. उनात चालवून बग. सावलीत समदीच चांगली दिसत्यात."

मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

नव्या पेठेतल्या एका गल्लीत जुन्या कंप्युटरांचं दुकान होतं. मेंदीनं दाढी रंगवलेले चाचा गल्ल्यावर, शेजारी भला मोठा कूलर. मी पेनड्राइव्हमध्ये पक्षी घेऊन गेले होते. चाचांनी एक पातळ, चकचकीत लॅपटॉप पुढं केला. "बेटी, एकदम मक्खन! बड्या ऑफिसातून आलाय. बघ, एक खरोंच नाही."

खरंच, एक ओरखडाही नव्हता. फाइल लावली. क्षणात पक्षी उघडले, आणि काय रंग! पाण्यावर जणू आत्ताच उतरलेत. मी हरखले. मग लड्या काढून स्क्रीनला लावल्या. माझं सूत बिचारं धुऊन धुऊन विटल्यासारखं दिसायला लागलं.

"काय करती बेटी? कंप्युटर घेती का लोकर?"

"चाचा, कूलर बंद करता का?"

"काय?"

"आमचा कारखाना पत्र्याखाली आहे. तिथं कूलर नाही."

चाचांनी कपाळाला हात लावला. बाहेर सोलापूरचं ऊन नुसतं भाजत होतं. दुकानात आलेला एक माणूस म्हणाला, "द्या की बंद करून, ताईला घाम येऊ द्या जरा." कूलर बंद झाला. मी पक्षी मोठे करत बसले, रंग बदलत बसले, थवा वाढवत बसले. आधी लॅपटॉप तापला, मग घरघरायला लागला, मग एक पक्षी अर्धवट उमटून थांबला. पुढं हलेचना. एवढ्यात त्या माणसानं रुमालानं मान पुसत काढता पाय घेतला.

"दुसरा दाखवा," मी म्हटलं. आणि पेनड्राइव्ह काढून घेतला.

टेबलाखाली एक काळा, जाडजूड कॅबिनेट होता. चाचा म्हणाले, "ये बैल आहे. दिसायला नाही चांगला." त्याची स्क्रीनही मोठी, मळकट कडांची. तो लावला. पक्षी हळू उघडले, पण सगळे उघडले. लड्या लावल्या. गुलाबी सुताशेजारी गुलाबी सूतच दिसलं. कूलर बंदच होता. तास गेला. चाचा घाम पुसत दोनदा बाहेर जाऊन चहा पिऊन आले, तिसऱ्या वेळी माझ्यासाठीही आणला. बैल चालतच होता.

तरी मन धजेना. म्हटलं, "उघडून दाखवा."

चाचांनी कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढला आणि एकदम संकोचले. आतल्या पंख्याच्या पात्यांवर सुताच्या निळ्या रुईचा थर होता. "सॉरी बेटी, साफ करायचा राहिला. पाच मिनिट थांब."

"नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "राहू द्या. हा कुठून आला?"

"एमआयडीसीतलाच. टॉवेलचा कारखाना बंद पडला, तिथला."

म्हणजे आमचीच हवा खाऊन हा जगला होता. डोक्यावर तोच पत्रा, तीच रुई, मागांचा तोच हादरा. कुणी धुऊन पुसून माझ्यापुढं उभा केला नव्हता. तरीही रिक्षात तो मांडीवर धरून येताना मला सारखं वाटत होतं, थकलेलं जनावर तर नाही ना घेतलं? मालक काय म्हणतील?

मालकांनी बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "हा?"

"हा."

पुढचे काही दिवस मी जेवणाच्या सुट्टीतही उठले नाही. कॅबिनेटवर हात ठेवून बघायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. पक्षी पुरे झाले, मागावर गेले. पहिली हातभर चादर उतरली तशी मालकांनी ती उजेडात नेली. मी खिशातल्या लड्या घट्ट धरून मागं उभी होते. त्यांनी चादर उलटी केली, सुलटी केली, स्क्रीनकडं बघितलं, परत चादरीकडं बघितलं.

मग मुकादमाला हाक मारली आणि म्हणाले, "ती कोपऱ्यातली मशीन कडा शिवायला आलेल्या त्या नव्या पोरीला द्या. उगाच गंज धरेल."

मुकादम कव्हर काढत होता. मी पुढं झाले, मशीनच्या खणातून माझी धागे तोडायची लहान कात्री काढून घेतली, आणि अक्कांना फोन लावायला बाहेर गेले.