धोका कमी

एकाच कंपनीत नऊ वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. त्यातून आमचं सौदीतलं रास अल खैर. संध्याकाळी जायला जागा नाही, म्हणून तेच तेच सांगत बसतो. विनायकचे मात्र मी सांगायचं टाळतो. आज सांगून टाकतो.

*

विनायक नाशिकचा, माझ्या टीममधला. माझा गेटपास रिन्यूअलला अडकला होता आणि तो सुट्टीवर, म्हणून तीन दिवस मी त्याच्या पासवर आत गेलो. पासवरच्या फोटोत त्याच्या डोक्यावर जंगल, माझ्या डोक्यावर मैदान. गार्ड फक्त शिक्का बघायचा. “यल्ला, इंजिनियर!” म्हणत आत सोडायचा. परत आल्यावर विनायक पोट धरून हसला.

*

प्लांटच्या सिस्टिममध्ये कोणी काय केलं, याच्या नोंदी म्हणजे लॉग. ते दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायला आम्ही एक आयती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरायचो. एकदा विनायक चहा अर्धा टाकून माझ्याकडे आला.

“सर, ही लायब्ररी समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट खरं आहे का, तेवढंच बघते. कोणाच्या नावाचं आहे ते बघतच नाही. मधे कोणी स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन बसला, तर सगळे लॉग त्याच्या हातात.”

“आपल्या गार्डसारखंच की,” मी म्हटलं. या वेळी तो हसला नाही.

*

लायब्ररीच्या नवीन व्हर्जनमध्ये ही चूक सुधारली होती, पण ते टाकायचं तर सिस्टिम दोन तास बंद ठेवायला लागणार, आणि ‘बंद’ म्हटलं की आमचे मॅनेजर फैसल भडकायचे. मी म्हटलं, “आतलं नेटवर्क आहे रे, कोण येतंय इथे मरायला?” आणि अशा त्रुटींच्या नोंदीचा फॉर्म भरून टाकला. धोका : कमी. जबाबदार व्यक्ती : विनायक. जो चूक शोधेल त्याचंच नाव टाकायचं, ही आमच्याकडची पद्धत. त्याला विचारलंसुद्धा नाही.

*

दोन महिन्यांनी बाहेरचे तपासनीस आले. त्यांच्यातल्या एका मुलीनं मधे लॅपटॉप लावला आणि जेवणाच्या सुट्टीआधी आमचेच लॉग आम्हाला वाचून दाखवले. त्यात ऑपरेटरांचे पासवर्डही होते. फैसलनी फॉर्म मागवला.

“मी सरांना सांगितलं होतं,” विनायक म्हणाला.

फैसलनी माझ्याकडे बघितलं. मुलीची दहावी, इथे राहायचा परवाना, तो इकामा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

“मला आठवत नाही,” मी म्हटलं.

विनायकचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. खलास. त्याची बायको जवळच जुबैलला नर्स आहे, ती इथेच राहिली, तो एकटा परत गेला. मी एअरपोर्टवरही गेलो नाही. सांगायला लाज वाटते.

*

परवा पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. विनायकनं तिथे अर्ज केला होता आणि रेफरन्स म्हणून माझं नाव दिलं होतं. माझं! बाई भराभर प्रश्न विचारत होत्या.

“त्यांच्या हातून सुरक्षेच्या बाबतीत काही चूक झाली होती का?”

“त्याच्या नाही, माझ्या हातून झाली. त्यानं वेळेवर सांगितलं होतं. मी दाबलं, वर नाव त्याचं लावलं आणि विचारल्यावर खोटं बोललो.”



“सर, हे लिहायला इथे जागा नाहीये. हो की नाही, तेवढंच सांगा.”