तात्यांचा गेंदा

किस्से कसे साचते सांगू? लेथखाली लोखंडाचा बुरादा साचते ना, तसे. रोज झाडला नाही तर एक दिवस बूट बुडते! आता रिटायर होऊन बसलो, झाडायला कोणी नाही, म्हणून तुमच्यापुढे ओतून राहिलो. बसा. चहा येऊन राहिला.

हे आमच्या जबलपूरच्या फॅक्टरीतले, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळचे. तिन्ही शिफ्ट चालू, रविवारीसुद्धा ओव्हरटाईम. आणि आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत सगळ्यांची नजर डालडाच्या एका रिकाम्या डब्यावर!

*

डबा तात्यांचा. तात्या आमचे सीनियर टर्नर. सुपारीसुद्धा न खाणारा माणूस. एकुलता एक मनोहर फौजेत, बॉर्डरवर. तो गेला तेव्हा तात्या महादेवाला नवस बोलले. पोरगा धड परत आला तर शिवरात्रीला स्वतःच्या हातानं लावलेली भांग, मंजरीसकट, पिंडीवर वाहीन.

बोलले खरं, पण बी मागायचं कसं? ग्वारीघाटावर एका साधूसमोर तात्या किती वेळ नुसते हात जोडून बसले. साधू कंटाळला. तेव्हा तात्या हळूच म्हणाले, "महाराज, वो... शंकरजी की भाजी का बीज मिलेगा?"

साधू म्हणे, "काहे बच्चा, रोटी के साथ खाएगा?"

*

बी लागलं, रोप वाढलं. लाईनीत कोणी विचारलं की तात्या मान खाली घालून सांगायचे, "गेंदा आहे."

गेंदा, म्हणजे आपला झेंडू! अहो, पान पाहून दूध पितं पोरगंसुद्धा सांगेल काय आहे ते! पण तात्यांपुढे हसायची हिंमत कोणाची? फक्त शेजारचा दुबे, तो भिंतीवरून रोज सकाळी वाकून ओरडायचा, "काए तात्याजी, आपका गेंदा तो हमें सूँघते ही चढ़ गया!"

ब्लॅकआऊटचा भोंगा झाला की लोक दिवे विझवायचे, पोरं आवरायचे. तात्या आधी डबा उचलून पलंगाखाली सरकवायचे. मी म्हणालो, "तात्या, विमानातून झाड दिसत नाही." तर म्हणे, "आणि दिसलं म्हणजे?"

दुबे अंधारातून बोलला, "सही बात है बड़े भैया. दुश्मन ठंडाई पीने उतर आया तो?"

*

दिवाळीनंतर झाडानं मंजरी धरली. तिकडे लढाई पेटली, मनोहरचं पत्र येणं बंद झालं. आणि नेमकी तेव्हाच झाडाची खालची पानं पिवळी पडायला लागली.

तात्यांनी काय ते मनात धरलं. कॅन्टीनमधे टिफिन समोर ठेवून बसायचे, झाकण उघडायचे नाही.

मग काय, सगळी लाईन डॉक्टर! इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंग बरोबर नाही. वेल्डर म्हणाला, ऊन लागलं. फिटर म्हणे कुठंतरी लीकेज आहे, नाहीतर जाते कुठं खाल्लेलं? आणि पेंटर, तो पिवळं पान बोटानं उलटसुलट करून काय म्हणावं? "तात्या, वरून एक कोट मारून देऊ?"

*

शेवटी मी तात्यांना डिस्पेन्सरीत नेलं. भांगेचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. कंपाउंडर चष्मा लावून बसला.

"मरीज कौन है?"

मी म्हणालो, "घर का ही है जी. पीला पड़ रहा है. पैरों से."

"पैरों से? पीलिया तो आँख में दिखता है!"

"ऊपर से हरा है जी."

कंपाउंडरचा पेन थांबला. "हरा?"

"हौ. हरा."

"खाना खाता है?"

"सब खाता है. लगता कुछ नहीं."

"पेशाब?"

आता तात्या म्हणजे खोटं न बोलणारा माणूस. पटकन बोलून गेले, "वो नहीं करता. नीचे छेद कर दिया है हमने, पानी उधर से निकल जाता है."

कंपाउंडर खुर्ची सोडून उभाच राहिला. "तो यहाँ क्या कर रहे हो? बड़े अस्पताल ले जाओ! अभी!"

*

झाड मात्र जास्तच बिघडलं. आता पानांची टोकंही जळायला लागली, मुरडायला लागली. तात्या त्याच्याकडे पाहायचे आणि लाईन तात्यांकडे.

आमच्याकडे मशीनचा कायदा असा, की शिफ्ट बदलली की येणाऱ्याला चार्ज द्यायचा. तेल दिलं का, पट्टा कसा आहे, काय काम बाकी आहे. चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडायची नाही. डोळे मिटून आम्ही ते पाळायचो.

मग एका रविवारी ओव्हरटाईम नव्हता. तिन्ही शिफ्टची माणसं एकाच वेळी घरी. तात्या आंघोळीला गेलेले पाहून दुबे हळूच डब्यापाशी आला. हातात सरसोच्या खलीचं, म्हणजे मोहरीच्या पेंडीचं पाणी. तिकडून लोहारखात्यातला गोविंदा आला, त्याच्या हातात भट्टीच्या राखेचं घमेलं. आणि मी निघालो तो मासे धुतलेलं पाणी घेऊन!

तिघंही जागच्या जागी थांबलो.

"तू कब से?" दुबेनं मला विचारलं.

"रोज! सेकंड शिफ्टवरून आलो की. तू?"

"हम भी रोज. सुबह."

गोविंदा रडकुंडीला आला. "मी पण रोजच घालून राहिलो ना बाप्पा!"

मशीनचा चार्ज कधी चुकला नाही आमचा. झाडाचा कोणीच दिला नव्हता!

*

काकू, म्हणजे तात्यांची बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बाहेर आली. आमच्या हातातलं एकेक काढून नालीत ओतलं. मासळीच्या पाण्याला नाकाला पदर लावला. डब्यात साध्या पाण्याच्या घागरी ओतल्या, खालून स्वच्छ पाणी येईतोवर.

"काहून मागे लागलात त्याच्या सगळे? फुलावर आलेलं झाड आहे ते. खालच्या पानातलं काढून वर देते. थोडी पिवळी पडणारच. शेंडा पाहावा. शेंडा हिरवा आहे ना? मग जीव आहे. आता कोणी काही द्यायचं नाही. नुसतं पाणी!"

मला खडू दिला. माझी शाळा तिसरीतच सुटलेली, पण डब्यावर मोठ्ठं लिहिलं : सिर्फ पानी.

तात्या ओल्या अंगानं मागे उभे होते. झाडाकडे नव्हते पाहत. काकूकडे पाहत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकून राहिल्या होत्या तिच्या.

"ऐकलं का? तू जेवली?"

"जेवीन."

"केव्हा?"

काकू रिकामी घागर उचलून बाजूला झाली. तात्या आत गेले, पोळ्यांची टोपली उघडून पाहिली. एकाच माणसाच्या पोळ्या. रोज तेवढ्याच होत असतील, आणि त्याही तात्यांच्या टिफिनमधे जाऊन तशाच परत येऊन राहिल्या होत्या.

तात्यांनी ताट वाढून बाहेर आणलं, एकच, आणि दोघंही पायरीवर बसून त्यात जेवले. भिंतीआडून दुबे खाकरला, "तात्याजी, चार्ज मिल गया?"

तात्या तोंडातल्या घासासकट हसले. कितीतरी दिवसांनी!

*

लढाई संपली. पेढे वाटले, दिवे लागले. मनोहरचं पत्र मात्र नाही. तार घेऊन येणारा सायकलवाला दिसला की लाईनीतल्या बाया दारं लावून घ्यायच्या. झाडाची खालची पानं गळली होती, पण मंजरी चांगली दाटली होती. त्याला पाणी कोण घालायचं ते आता चार्ज देऊन ठरायचं.

अन् एक दिवस दुपारी आमच्या लाईनीत रिक्षा थांबला. मनोहर उतरला!

पण काय मनोहर! काठीसारखा. डोळे पिवळे, नखं पिवळी, हळदीच्या डब्यातून काढल्यासारखा. फौजेच्या दवाखान्यात कावीळ घेऊन पडला होता, हात उचलून दोन ओळी लिहायची ताकद नव्हती.

सगळी लाईन धावली. दुबेची बायको हलव्याचं भांडं घेऊन. गोविंदा ऊस घेऊन. मी अंड्याची भाजी. काकू दारातच, चौकट धरून.

तेवढ्यात तात्या मधे आले. दोन्ही हात आडवे करून ओरडले, "खबरदार! कोणी काही देऊ नका! सिर्फ पानी!"

सगळे जागीच थांबलो.

मग तात्या पोराजवळ गेले. बुटांपासून पाहायला लागले. गुडघे पाहिले, हात पाहिले, हळूहळू वर वर चेहऱ्यापर्यंत आले. टोपी काढली त्याची. केसांवर हात ठेवला, किती तरी वेळ.

आणि वळून काकूला म्हणाले, "ये. शेंडा हिरवा आहे."