नोटबुर्गाच्या फॉर्मवरचा पाच

डोंगरावर नेणारी स्की-लिफ्ट उद्या सुरू व्हायची म्हणून दुकानात ही गर्दी, आणि त्या गर्दीत नोटबुर्गा कमरेवर हात ठेवून पोटच्या पोराशी भांडत होती. याच दुकानात तिने अडतीस वर्षं अख्ख्या खोऱ्याच्या स्कींवर बूट धरून ठेवणारी बाइंडिंग बसवली. आता दुकान त्या पोराचं, कोर्बिनियानचं, आणि ती गिऱ्हाईक. वय एकाहत्तर, गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालेलं. बर्फावर जायला डॉक्टर हो म्हणाले होते. मुलगा हो म्हणायला तयार नव्हता.

"आई, हे बाइंडिंग घे. हलकं आहे. तुझ्यासारख्या..."

"तुझ्यासारख्या काय? बोल की!"

"सावकाश उतरणाऱ्यांसाठी."

"आणि ब्रेक बघितलास याचा? माझी स्की एवढी रुंद, हा ब्रेक खाली यायचाच नाही तिच्यावरून. सुटली तर थेट चर्चपर्यंत घसरत जाईल. दुसऱ्या कुणाला दिलं असतंस हे?"

चिडून त्याने सोळा आकड्यापर्यंत घट्ट होणारं जाडजूड काढलं. "ते पोरांना मिरवायला ठेव," म्हणत तिने स्वतःच तीन ते अकराचं, रुंद ब्रेकचं उचललं. तो मागे गेला, स्कींना भोकं पाडून ते बसवून घेऊन आला.

"पाचवर लावलंय."

नोटबुर्गाने चष्मा चढवला. स्क्रूवरच्या खिडकीत साडेतीन होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केवढा जोर आला की बूट सुटायचा, ते हाच आकडा ठरवतो. जास्त ठेवला तर पडताना पाय अडकून मोडतो, कमी ठेवला तर ऐन वळणात स्की पायातून निघते.

"पहिल्याच उतारावर आपटून मी घाबरावं, घरी बसावं, असंच ना?"

"हो, असंच!" कोर्बिनियान ओरडला. "बाबांचं विसरलीस?"

कशी विसरेल! आकडा ठरतो तो वय-वजनाच्या फॉर्मवरून, आणि इथले पुरुष तो भरायला बसले की दहा वर्षांनी तरुण होतात, आणि बायका पाच किलोंनी बारीक. तिच्या नवऱ्याने, साठीच्या कासियानने, वय एकोणपन्नास लिहिलं, 'भरधाव' वर खूण केली. तो खोटं लिहितोय हे तिला दिसत होतं. तिने हसून स्क्रू नऊवर पिळला आणि खाली दुकानदार म्हणून सही ठोकली. तो पडला तेव्हा स्की सुटली नाही. पाय दोन ठिकाणी मोडला, आणि मरेपर्यंत तो पुन्हा बर्फावर उभा राहिला नाही.

"फॉर्म आण," ती म्हणाली. "आणि मोठ्याने विचार, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"वय?"

"एकाहत्तर."

"वजन?"

"अडुसष्ट. सकाळीच काट्यावर उभी राहिले होते."

रांगेतल्या एका बाईने तोंड फिरवलं. तिने नुकतेच साठ किलो लिहिले होते.

"कशी उतरतेस? भरधावच ना, सगळ्या गावाला माहीत आहे."

हे सांगणं मात्र नोटबुर्गाला जड गेलं. "होते भरधाव. आता मधलं लिही."

त्याने बुटाच्या तळव्याची लांबी मापली, तक्त्यावर बोट फिरवलं. पाच.

"मिळाला? आता कर सही."

"तुला काही झालं तर..."

"तुझ्या बापाच्या फॉर्मवर माझी सही आहे. वीस वर्षं ती मला झोपू देत नाही. पण या फॉर्मवर एकही आकडा खोटा नाही रे! तू सही केली नाहीस तरी उद्या मी जाणारच आहे. पण तू केलीस तर बरं वाटेल मला."

कोर्बिनियानने स्क्रू पाचवर आणला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती दारात उभी राहिली, टोपीपासून बुटापर्यंत बर्फाने पांढरी. तो काउंटरमागून धावतच आला.

"पडले," नोटबुर्गा म्हणाली. "वळणावर, चांगली जोरात. दोन्ही स्की सुटल्या, पाय शाबूत आहेत. हातमोजे तेवढे कोरडे दे, परत वर चाललेय."