विहीणबाईंचे चोखंदळ कान

चंडीगडच्या बाजारात असा एकही स्वस्त इअरफोन नसेल, जो तुमच्या बाबांच्या आईच्या कानात जाऊन आलेला नाही. त्यातले बहुतेक नापास होऊनच परत आले. आणि यातल्या बहुतेक परीक्षांना मी शेजारी उभी होते, पर्स छातीशी धरून, ओळखीचं कुणी दिसू नये अशी प्रार्थना करत. तुम्ही दोघं त्यांना आजी म्हणता, मी विहीणबाई म्हणते. त्या मुलाच्या आई, मी मुलीची. मी जन्मभर इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, मुलींकडून समानतेवर निबंध लिहून घेतले. पण वरमाईने ‘चला’ म्हटल्यावर ‘नाही’ कसं म्हणायचं, ते मला मराठीतही जमलेलं नाही आणि इंग्रजीतही.

गाण्यातलं आपल्याला फार कळत नाही, हे त्या स्वतःच सांगतात. भाजी निवडताना कानाशी काहीतरी वाजत असलं की झालं. तुम्ही परदेशातून पाठवलेले बिनवायरचे इअरफोन एकदा कणकेच्या परातीत पडले. एक सापडला, दुसऱ्याची बहुधा पोळी झाली. तेव्हापासून त्या वायरवाल्यांकडे वळल्या. गाणारी मंडळी स्टेजवर घालतात तसले, कानात खोल बसणारे आणि वायर कानावरून मागे जाणारे. त्यांना इन-इअर मॉनिटर म्हणतात. विहीणबाई त्यांना ‘कुड्या’ म्हणतात. कुड्यांच्या बाबतीत त्यांचा एक कायदा आहे: बदामाच्या किलोपेक्षा महाग असेल ती हौस नव्हे, माज.

या कुड्यांना लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणं येतात. ती सगळी त्यांनी मसाल्याच्या जुन्या डब्यात लावून ठेवली आहेत, एकेका वाटीत एकेक माप. डबा घेऊन त्या कुठेही जातात, अगदी हळदीकुंकवालासुद्धा. बायका वाण लुटत असतात आणि ह्या एकेकीच्या कानाचं माप घेत असतात. टोपणं स्पिरिटने पुसलेली असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या कानांना दिवसभर जिऱ्याचा वास येतो. निकालही स्वयंपाकघरातलाच असतो. एका जोडीचे वरचे स्वर ‘फोडणी करपल्यासारखे’ लागले. दुसरीत ‘डाळ तळाला आणि पाणी वर’ होतं. एका गरीब जोडीला नुसतंच, “पथ्याचं आहे हो,” असं म्हणून त्यांनी खोक्यात परत ठेवलं.

बाहेरचा आवाज कितपत आत येतो, हे बघायला त्या मला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर घेऊन गेल्या. इतका गोंगाट फुकटात दुसरीकडे कुठे मिळणार, असं त्यांचं म्हणणं. शिमला, पठाणकोट असं ओरडणाऱ्या कंडक्टरांच्या मधोमध त्या कानात कुड्या घालून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. एका कंडक्टरने तीनदा विचारलं, कुठे जायचं माताजी. उत्तर येईना तेव्हा ह्या बिचाऱ्यांना ऐकू येत नाही असं समजून त्याने त्यांची पिशवी उचलून पठाणकोटच्या गाडीत ठेवली. मी गाडीमागे धावले. ह्या वयात, साडीत. पिशवी घेऊन परत आले तेव्हा विहीणबाईंनी डोळे उघडले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, “काही म्हणजे काही ऐकू आलं नाही बघा. पास.”

हे सगळं मी सहन केलं असतं. माझी खरी अडचण होती ती त्यांच्या परीक्षेच्या गाण्यात. लोक एखादं ठरावीक गाणं लावून इअरफोन पारखतात. विहीणबाई पाळणा लावतात. मोठे, हा तुझ्या बारशाचा पाळणा. तू पाच महिन्यांची होऊन इकडे आलीस तेव्हा आम्ही हौसेने बारसं केलं होतं. पाळणा आम्ही दोघींनी म्हटला आणि विहीणबाईंनी म्हणता म्हणता फोनवर घेतला. त्यात त्यांचा आवाज बरा लागला आहे. नाव ठेवायच्या कडव्यात माझा आवाज जो घसरतो, तो शेवटपर्यंत वर येत नाही. जितकी कुडी चांगली तितका तो स्वच्छ घसरतो. हे त्या प्रत्येक दुकानदाराला ऐकवतात आणि कोल्हापुरी हिंदीत विचारतात, दुसरी बाई बेसूर होते ते कळतंय का? माझं नाव घेत नाहीत. तेवढा माझा मान ठेवतात. मी मात्र शेजारीच उभी असते आणि तोंड उघडायची मला सोय नसते.

सेक्टर बावीसमधल्या त्यांच्या आवडत्या सरदारजींच्या दुकानात शेवटी दोन जोड्या उरल्या. पहिली कानात घातली आणि माझा घसरलेला सूर आरशात दिसावा तसा दिसला. दुसरीत सगळं ढोलासारखं घुमत होतं. त्या ढोलाखाली माझा आवाज पार गाडला गेला होता. विहीणबाईंनी विचारलं, कुठली? मी चष्मा सारखा केला आणि वर्गात उत्तर सांगावं तशी म्हणाले, “दुसरी. हिच्यात गोडवा आहे.”

“शिकलेल्या बाईचा शब्द,” त्या म्हणाल्या, आणि दुसरी घेतली. मी तो आठवडा फार आनंदात काढला.

पुढच्या आठवड्यात त्या चहाला आल्या त्या डब्याशिवाय. मला चुकल्यासारखं झालं. नवी जोडी कशी आहे, मी विचारलं. चांगली आहे की, त्या म्हणाल्या, गाणी गोड लागतात. मग बिस्किट बशीत ठेवून म्हणाल्या, “फक्त पोर हरवली हो त्यात.”

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. नाव ठेवताना बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं, असं सगळ्या बायका म्हणाल्या. विहीणबाईंनी मात्र ते ऐकलंच नाही; त्या फोन हलू नये म्हणून श्वास धरून गात होत्या. पुढच्याच आठवड्यात तुम्ही विमानात बसलात. “फोनमध्ये असणारच ते हसू. पण तिथं पाळण्याच्या आड पाठही तुमची आणि आवाजही तुमचाच. म्हणून म्हटलं, एखादी कुडी तुम्हा दोघींना वेगळं करील.”

मुलांनो, ते हसू मी ऐकलेलं आहे. मी पाळण्यावर वाकले होते, मोठीने माझं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि माझ्या तोंडावर हसली. म्हणूनच तर माझा सूर गेला. इतकी वर्षं ते हसू माझ्याकडे आहे, आणि त्या ते बदामाच्या भावात दुकानोदुकान शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन सरदारजींकडे गेले. जोडी बदलून हवी म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “इसमें क्या खराबी है, आंटीजी?”

“इसमें नहीं. गाने में जो दूसरी आवाज है, वो मेरी है,” मी म्हणाले. “मैंने जानबूझकर गलत बताया था.” विहीणबाईंकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

सरदारजी खोकी काढता काढता शांतपणे म्हणाले, “आवाज का तो जी, पहले दिन से पता है.”

विहीणबाईंनी पहिली जोडी घातली, डोळे मिटले. पाळणा संपला तरी त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी कुड्या काढून माझ्या कानांत घातल्या. मला माझा बेसूर आवाज ऐकू आला, दुसरं काही नाही. मी तसं सांगितलं. या वेळी खरं सांगितलं.

“तुम्ही स्वतःलाच ऐकत बसता,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खाली बघा की.”

मी अजून बघते आहे. विहीणबाईंची परीक्षा काही थांबलेली नाही. आता म्हणे ह्याहून स्वच्छ जोडी निघाली आहे. फरक एवढाच की आता त्या दुकानदाराला सांगतात, ही माझी विहीण, हिच्या आवाजाखाली आमची नात आहे. दुकानदार माझ्याकडे बघतो. मी नमस्कार करते. मोठे, तू हल्ली फोनवर ‘हं’ आणि ‘ओके’ एवढंच बोलतेस, आणि तुम्ही दोघं आपसांत हसायला लागलात की तिकडून आवाज बंद करता. तो तेवढा बंद करू नका. हसण्याचं कारण आम्हाला नाही कळलं तरी चालेल.