कांद्याचा तास

आम्हा अर्थशास्त्राच्या मुलांना इंग्रजी शिकवणारे सर उल्हासनगरच्या बाजारातून कांदे आणत आणि वर्गात आम्हाला इंग्रजीतून घासाघीस करायला लावत. "पुस्तक मिटा, बाजार उघडा!" असं ते गरजत. घासाघिशीची वाक्यं मात्र त्यांनीच पाठ करून घेतलेली असत.

विद्यापीठाची समिती तास पाहायला आली, तेव्हा एक मुलगा दुकानदार आणि पालेगावची एक मुलगी गिऱ्हाईक होती. एरवी इंग्रजीला घाबरणाऱ्या तिने पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य जुळवलं आणि कांदा कालपेक्षा महाग का, असं इंग्रजीत विचारलं.

"सर, दुकानदार अडकला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अगं, हे तुझ्या पार्टमध्ये नाहीये," म्हणत सरांनी तिच्या हातातला कांदा काढून शेजारणीला दिला. समितीने टाळ्या वाजवल्या. त्या तासाला ती पुन्हा मराठीतही बोलली नाही.