म्हातारखोलीत गेलेलं जॅकेट

लोकांना कष्ट नको असतात, कष्टाच्या खुणा मात्र हव्या असतात, असं तिचं ठाम मत होतं. कुणी विचारो न विचारो, ती ते ऐकवायचीच. कारखान्यात तिला सगळे कॉलरताई म्हणत, कारण ती वर्षानुवर्षं एकच काम करत आली होती: थंडीच्या जॅकेटांना फरच्या कॉलरी लावायच्या. जॅकेटं चामड्याची, जुन्या जमान्याच्या धाटणीची. रुंद खांदे, पितळी चेन, कमरेला पट्टा आणि मानेभोवती दाट तपकिरी फर. फरला कात्री लावायची नाही, केस तुटतात. उलटी करून मागच्या कातडीवर ब्लेड ओढायचं आणि शिवून झालं की टिपेत अडकलेले केस सुईने मोकळे करत बसायचं. काम किचकट होतं, पण तिला ते मनापासून आवडायचं.

एवढं निगुतीने केलेलं जॅकेट मग कुठे जायचं? वरच्या मजल्यावर, म्हातारखोलीत. हे नाव कामगारांनीच ठेवलेलं. तिथे घासू नावाचा गडी दिवसभर नव्या जॅकेटांना म्हातारं करायचा. कोपरांवर पॉलिश पेपर, खिशांच्या कडांना तारेचा ब्रश, फरचे केस चिमटीने उपटायचे. गिऱ्हाइकाला जॅकेट कुणीतरी जन्मभर वापरल्यासारखं दिसायला हवं होतं ना!

"मेले आयत्या बिळावरचे नागोबा," कॉलरताई म्हणायची. "झिजायचं कुणी आणि मिरवायचं कुणी!"

घासू नुसता हसायचा. स्वभावाने गरीब आणि कामाला चोख माणूस.

आता तिच्या वडिलांकडे याच धाटणीचं, पण खरोखरचं जुनं असं एक जॅकेट होतं. ते गोदीत क्रेन चालवायचे. उंचावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत वारा हाडं फोडायचा, म्हणून पहिल्या बढतीच्या पैशातून त्यांनी ते घेतलं आणि पुढे तळहाताच्या फोडासारखं जपलं. थंडी सुरू होण्याआधी चामड्याला तेल, कॉलरीला बारीक कंगवा, काम करताना कोपरांवर कापडी बाह्या. घरी आलं की जॅकेट उशीच्या अभ्र्यात. पोरांना त्याला हात लावायची सोय नव्हती. आई तर म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या सवतीचे लाड जास्त." आई गेली, नोकरी संपली, नजर अधू झाली, पण दर थंडीला बाबा ते अंगावर घालून खाली बाकावर बसायचे. त्यांच्याजवळ दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच.

यंदा कॉलरीची मानेजवळची शिवण उसवली. घरच्या मशीनची सुई त्या चामड्यात शिरेना.

"मी कारखान्यात नेऊन शिवून आणते," ती म्हणाली.

"एका दिवसात आण. आणि कुणाच्या हातात देऊ नकोस," बाबा म्हणाले.

तिने जेवणाच्या सुट्टीत शिवण घातली, केस मोकळे केले, जॅकेट घडी करून टेबलावर ठेवलं आणि हात धुऊन डबा खायला गेली. तेवढ्यात घासू खाली आला. कॉलर लागलेलं दिसेल ते उचलून वर न्यायचं, ही तिथली रीतच होती. लेबल सगळ्यात शेवटी लागायचं, त्यामुळे बाबांच्या जॅकेटवर ते नाही म्हणून त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. ती परत आली तर टेबल रिकामं. ती जिन्याच्या पायऱ्या धापा टाकत चढली.

उशीर झाला होता. कोपरांचं चामडं पांढरं पडलं होतं, एका खिशाची कड फाटली होती आणि कॉलरीवर टक्कल पडलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अरे, हे माझ्या बापाचं आहे!"

घासूच्या हातातला ब्रश गळून पडला. "ताई, शप्पथ... मला नवंच वाटलं हो. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर."

आरडाओरडा ऐकून मालक आले. तिचं ऐकून घ्यायच्या आधीच त्यांनी जॅकेट उचलून उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात जुनं! महिनाभर हेच सांगतोय मी तुम्हाला. हे दर्शनी काचेत लावा."

"साहेब, ते विकायचं नाहीये. माझ्या वडिलांचं आहे."

"मग त्यांना आपलं नवं कोरं द्या ना एक. दोन द्या. म्हातारा खूश होईल."

"तुमच्या वडिलांच्या अंगावरून पॉलिश पेपर फिरवला आणि बदल्यात दोन नवे बाप दिले, तर चालेल तुम्हाला?"

तिने मालकांच्या हातातून जॅकेट अक्षरशः ओढून घेतलं आणि सुट्टीचं न विचारता घर गाठलं.

बाबा आता हातांनीच बघायचे. त्यांनी कोपर चाचपलं, खिसा चाचपला, कॉलरीवर बोटं थांबली. "हे कुणाचं उचलून आणलंस?"

"तुमचंच आहे, बाबा."

"छे! कुणा गरिबाचं दिसतंय. आधी नेऊन दे त्याला. या थंडीत काय घालेल बिचारा?"

तिला रडू फुटलं. रडत, मालकांना शिव्या घालत तिने सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी भलतंच विचारलं.

"म्हणजे त्या माणसाला ते नवं वाटलं?"

"हो."

"रोज नवी जॅकेटं हाताळणाऱ्या माणसाला?"

"हो, बाबा, हो! म्हणून तर घासलं ना मेल्याने!"

बाबांनी पाठ ताठ केली. उभ्या नोकरीत साहेबाने कधी शाबासकी दिली नव्हती, ती आज मिळाल्यासारखे ते हसले. मग त्यांनी जॅकेट घातलं, पट्टा आवळला, काठी मागून घेतली आणि खाली बाकावर जाऊन बसले. तिला राग कुणावर काढावा तेच कळेना.

किलकिल्या खिडकीतून बाबांचा आवाज वर येत होता. शेजारच्या निवृत्त मास्तरांना ते सांगत होते, "कारखान्यातल्या माणसाला नवं वाटलं, मास्तर. एक ओरखडा नव्हता, म्हणाला."

मास्तरांनी त्या फाटक्या खिशाकडे पाहिलं, टक्कल पडलेल्या कॉलरीकडे पाहिलं आणि लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाले, "हो का? वा, वा."

तिने खिडकी धाडकन उघडली.

"नवंच होतं ते!" ती वरून ओरडली. "सकाळपर्यंत नवंच होतं, मास्तर!"