साठीचा मांडव

वेस्ट मांबलमच्या आमच्या गच्चीवर माझ्या साठीशांतीचा मांडव घालायला एक कामगार आला होता. दोरी दातांत धरायचा, गाठ बसली की बांबूला दोनदा थोपटायचा. माझा जन्म पेन्शनच्या कचेरीत गेलेला; सवयीने विचारलं, "तुम्हाला पेन्शन कधी?"

"साठनंतर, सार. साठीचे मांडव खूप घातले, पण आमच्या गल्लीत एकही नाही. तिथे साठ कोण गाठतंय?"

मी स्वतःवरच उखडलो. 'वयाची अट सगळ्यांना सारखी,' असं कचेरीच्या खिडकीतून हजारदा लोकांना सुनावलं होतं मी. सारखी म्हणे! खाली माझे नव्वदीचे वडील तीस वर्षांची पेन्शन पचवून निवांत पेपर वाचत होते.

उतरण्याआधी त्याने बांबू पुन्हा थोपटला. "तुमच्या ऐंशीच्या मांडवाला मात्र दुसरा माणूस बघा, सार."